कुकडीच्या कुंडावर

इंदूबाई देवळाच्या ओवरीत आडव्या होतात. लेक शैला मुलांना घेऊन कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला खाली गेली आहे. "आई, तू इथंच पड. तुझ्या गुडघ्यांना तो खडक झेपायचा नाही," असं सांगून. फरशी गार आहे. मुलांचे आवाज लांब जातात, मग पाण्याचेच होतात.

"ऊठ गं. उन्हं कलायच्या आत बघून घेऊ."

पायऱ्यांवर इंदूबाईंचे यजमान, पठारे गुरुजी, उभे आहेत. त्यांना जाऊन चौदा महिने झाले, तरी अंगात शाळेचाच पांढरा शर्ट. भूगोल शिकवायचे. दरवर्षी शाळेची सहल इथं आणायचे आणि दरवर्षी बायकोला म्हणायचे, तूपण चल. दरवर्षी घरात काहीतरी निघायचं.

इंदूबाई चालू लागतात. गुडघे दुखत नाहीत. काळा खडक पायांना तव्यासारखा तापलेला लागायला हवा. तो नुसता कोमट लागतो.

"हा सगळा एके काळी वाहता लाव्हा होता," गुरुजी सांगतात. "थिजून दगड झाला. मग पाण्यानं गोटे गरागरा फिरवले आणि हे रांजण कोरले."

"एवढ्याशा गोट्यांनी?"

"थांबले नाहीत ना ते."

इंदूबाई एका खळग्यात वाकून बघतात. आत पाणी नाही. खाली त्यांचंच स्वयंपाकघर आहे. गॅसवर दूध, आणि खुर्चीत गुरुजी, छाती धरून बसलेले. त्या सकाळी इंदूबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. खाली आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. बसल्या जागी गेले, त्यांना कळलंसुद्धा नसेल, असं सगळे म्हणाले.

"अहो, तुम्ही मला हाक मारली होती का?"

गुरुजी खळग्याच्या काठावर टेकतात. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"मारली. दोनदा."

"मला ऐकू नाही आलं हो."

"माहीत आहे. वर वारा होता."

"भीती वाटली?"

"थोडी. मग दूध उतू गेल्याचा वास आला. वाटलं, आता तू येशीलच."

इंदूबाईंचा पाय निसटतो. गुरुजी त्यांचं मनगट पकडतात, घट्ट, आणि सोडत नाहीत.

"आई?" शैला खांदा हलवते. "रडतेस का गं? आणि हाताला काय झालं?"

डाव्या मनगटावर चार बोटांचे लाल वळ उठले आहेत. वळ लगेच मावळू नयेत म्हणून इंदूबाई त्यांच्यावर पदर ओढतात आणि तशाच बसून राहतात.