चौथ्या मजल्यावरची तडतड

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो. सीवूड्समधल्या एका सोसायटीचा चौथा मजला, सकाळचे साडेसात. डावीकडे सेक्रेटरी दिलीपरावांचं दार, दाराशी तुळस. उजवीकडे विमलबाईंचं दार आणि तिथून जिन्यापर्यंत अबोलीच्या अकरा कुंड्या. मधोमध विजेच्या मीटरची पेटी. लुगड्याचा काष्टा घट्ट खोवून विमलबाई प्रवेश करतात. हातात कोळंबी धुतलेल्या पाण्याचं पातेलं.

विमलबाई करावे गावच्या. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला येताना त्यांनी आईच्या अंगणातली अबोली तेवढी सोबत आणली. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं टाळायचं, मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, आठवड्यातून एकदा कोळंबीचं पाणी. अबोलीला वास नाही म्हणून कुणी नाक मुरडलं की त्या विचारत, वेणी माळायची की हुंगायची? मोगरा संध्याकाळीच मान टाकतो, अबोली केसांत तीन दिवस टिकते.

रविवारी नात मनस्वीची हळद होती. विमलबाईंच्या आणि त्यांच्या लेकीच्या हळदीला याच झाडांची वेणी होती, आता मनस्वीचा नंबर. कळ्या नेमक्या भरात होत्या. पण जिन्यात कुंड्या नकोत, असं दिलीपरावांनी एकदा बजावलं होतं. पुन्हा तक्रार आली तर कुंड्या त्याच दिवशी खाली जाणार होत्या.

एरवी या वेळी दिलीपराव फिरायला जात. त्या सोमवारी त्यांनी आळस केला. विमलबाई पाणी घालून आत गेल्या आणि दिलीपराव पेपर उचलायला वाकले, तोच मीटरच्या पेटीजवळ आवाज झाला. तट. मग तट तट. दिलीपराव पेपर तिथेच टाकून घरात पळाले.

इलेक्ट्रिशियन आला. त्याने पेटी उघडून वास घेतला आणि काहीतरी नक्की जळलंय म्हणाला. वास कोळंबीचा होता. खबरदारी म्हणून लिफ्ट बंद झाली. मंगळवारी पुन्हा साडेसातलाच तडतड. ही गीझरची वेळ, असा शोध दिलीपरावांनी लावला आणि अख्खी बिल्डिंग गार पाण्याने अंघोळ करू लागली.

विमलबाईंना पहिल्या आवाजालाच कळलं होतं. अबोलीची वाळकी बोंडं पाणी लागलं की फुटतात आणि बी लांब उडवतात. शाळेत त्या पुढच्या मुलीच्या ओल्या वेणीत बोंडं खोचून ठेवत. पण आता बोलायचं कसं? बोललं की कुंड्या गेल्या. त्यांनी मंगळवारी संध्याकाळी बोंडांची वाळकी कणसं गुपचूप कापली, बोंडं बियाण्यासाठी पुडीत बांधली. बुधवारी चौथा मजला शांत. विमलबाईंना वाटलं, सुटले. दिलीपराव मात्र जास्तच घाबरले. स्पार्किंग आत गेलं, म्हणाले, आता पुढच्या सोमवारी इंजिनिअर येईपर्यंत लिफ्ट बंद.

गुरुवारी दिलीपरावांची बायको चारुलता भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली दिसली. दोन्ही हातांनी गुडघे चोळत होती. ते विमलबाईंना बघवलं नाही. त्या तिला हात धरून वर घेऊन आल्या, घरातून पुडी आणि पाण्याची ताटली आणली आणि सेक्रेटरींचं दार वाजवलं. बोंडं ताटलीत पडली. सगळे वाकून बघू लागले. तट. पहिलं बी दिलीपरावांच्या चष्म्यावर बसलं.

चष्मा पुसून त्यांनी सेक्रेटरीचा आवाज काढला. "विमलबाई, कुंड्या आजच्या आज खाली."

विमलबाईंनी मान हलवली, पहिली कुंडी उचलली आणि जाता जाता तुळशीपाशी थांबल्या. "साहेब, माजी मी नेतंय. तुमचे तुलशीन अबोलीची तीन उगवलीत, ती कोन नेनार?"

चारुलताने दोन महिने त्या रोपांना काडीचा आधार देऊन वाढवलं होतं, कसली आहेत ते माहीत नसताना. ती तुळशीपुढे उभी राहिली. "माझ्या रोपांना हात लावायचा नाही. आणि त्यांच्याही."

लिफ्ट सुरू झाली. कुंड्यांचा विषय पुढच्या मीटिंगवर गेला आणि तिथेच राहिला.

रविवारी मनस्वीच्या केसांत केशरी वेणी होती आणि चारुलताच्याही. दिलीपराव जेवणाचं ताट घेऊन विमलबाईंजवळ आले आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, आमच्या तीन रोपांना पाणी कसं घालायचं?

"बुंध्याला घाला, साहेब. आनि तट वाजला तर लिफ्ट बंद करू नका."