बेदाण्याचे फोटो आणि घरची चिठ्ठी

काकी कोल्ड स्टोरेजमध्ये दिवसभर संगणकावर काय करते, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून ही आजी एका दुपारची हकीकत लिहिते.

आपल्या तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गावोगावचे शेतकरी बेदाणा ठेवतात. खोल्यांची थंडी संगणक सांभाळतो आणि तोच संगणक परगावच्या व्यापाऱ्यांना मालाचे फोटो दाखवतो. म्हणून काकीने त्यातल्या प्रत्येक प्रोग्रामवर पहारा बसवला आहे. फोटो दाखवणाऱ्याने फक्त फोटो वाचायचे, थंडीच्या कामाला हात लावायचा नाही. कुणी भामटा फोटोंच्या वाटेने आत शिरलाच, तरी तो तिथेच अडकला पाहिजे. एरवी फाइलचा मालक म्हणेल त्याला ती उघडता येते. इथे मालकाची मर्जी चालत नाही. नियम एकदा लिहिला की तो सगळ्यांना लागू.

त्या दिवशी जतकडच्या एक बाई आल्या होत्या. त्यांचा पहिलाच बेदाणा दुसऱ्या दिवशीच्या सौद्यात होता. लांबचा एक व्यापारी फोटो पाहून बोली लावणार होता. फोटो दिसले नाहीत तर तो बोली लावणारच नव्हता. आणि फोटो काही दिसेनात.

"आवं, माझाच माल का दिसंना?" बाईंनी मला विचारलं. मी त्यांना काकीकडे नेलं.

तुमचा काका दिवसभर शेतकऱ्यांत असतो, त्याची बोलीही तशीच झाली आहे. तो काकीला म्हणाला, "अगं, तुझा पहारा जरा बंद कर की. फोटो जाऊ देत, मग घाल परत."

"नाही."

"मालक मी हाय का तू?"

"कोल्ड स्टोरेजचे मालक तुम्हीच. पण पहारा मालक बघत नाही, काम बघतो."

"लय झालं आता!"

"अहो, ह्यांचा मालही आतच आहे ना? पहारा उठवला आणि कुणी थंडी बंद पाडली, तर मग फोटो कशाचे दाखवायचे?"

बाईंनी पदर सावरला. "मग ऱ्हाऊ द्या बया. आधी माल."

पहाऱ्याने कुणाला कशापाशी अडवलं ते संगणक टिपून ठेवतो. काकीने ते वाचलं आणि काकाला विचारलं, "हे फोटो तुम्ही इथे कसे आणलेत? नक्कल केलीत की उचलून हलवलेत?"

"माझ्या फोल्डरातनं उचलले आन् हितं टाकले. दोन जागी पसारा कशाला?"

पसाऱ्याचा तिटकारा त्याने माझ्याकडून घेतला आहे. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

काकीला हसू आलं. "हमालाने एका खोलीतलं खोकं दुसऱ्या खोलीत नेलं आणि वरची चिठ्ठी बदलली नाही, तर तुम्ही ते दारातून सोडता?"

"सोडीन कसा? चिठ्ठी जुन्या खोलीची आसल तर..." आणि तो थांबला.

तसंच झालं होतं. प्रत्येक फाइलला एक अदृश्य चिठ्ठी असते. नक्कल केली की तिला नव्या जागेची चिठ्ठी मिळते. उचलून हलवली तर जुनीच चिकटून राहते. फोटो नव्या जागी आले होते, पण चिठ्ठी काकाच्या खासगी फोल्डरची होती, आणि खासगी फाइली वाचायची फोटोवाल्या प्रोग्रामला मनाई. काकीने एक ओळ लिहून नव्या जागेच्या चिठ्ठ्या लावल्या. पहारा होता तसाच राहिला आणि पडद्यावर पिवळाधमक बेदाणा आला.

"ह्यो बघा माझा!" बाई खुर्चीवरून उठल्याच.

आमचा चहा होईतो व्यापाऱ्याचा फोन आला. माल दिसला, सकाळी बोली लावतो म्हणाला. बाईंनी उरलेला चहा बशीत ओतून अगदी सावकाश प्यायला.

त्यांना स्टँडवर सोडायला काकाने स्वतः गाडी काढली. दारातून वळून तो काकीला म्हणाला, "पहारा चालू राहू दे बरं का. माझी परवानगी हाय."

"ती कुणी मागितलीय?" काकी म्हणाली, आणि गाडीत बसेपर्यंत बाईंचं हसू थांबलं नाही.