घरचा नमुना

प्रयोगशाळेत तिला सगळे 'नाकाडी' म्हणायचे. नाक तिचं बेताचंच होतं, पण ज्या यंत्रावर ती बसायची ते माणसाच्या श्वासातले वास हुंगायचं. पेशंटनं पिशवी फुंकून फुगवायची, यंत्रानं त्यातल्या वाफा सुट्या करायच्या आणि पडद्यावर रेघ काढायची. आजारी फुप्फुसाची रेघ भलत्याच ठिकाणी उंच उडते. सुई नको, रक्त नको.

मात्र आजारी रेघ ओळखायला शेजारी निरोगी रेघाही लागतात, आणि धडधाकट माणसं पिशव्या फुगवायला कशाला येतील? मग काय, घरचीच धरून आणायची! तिनं नवऱ्याला आणलं. तो लाकडी सामानाला पॉलिश करायचा. कामावरून तसाच आला, अंगाला स्पिरिटचा भपकारा.

"अहो, निदान हात तरी धुवायचे!" ती करवादली.

"श्वास हवाय की हात?" म्हणत त्यानं एका दमात पिशवी टम्म फुगवली.

यंत्रावर त्याची रेघ नको तिथे उडाली. ती हसली. पॉलिशची वाफ, दुसरं काय! नियम असा, की असला नमुना टाकून द्यायचा आणि त्याच माणसाला चार दिवस कामापासून लांब ठेवून पुन्हा बोलवायचं. टाकला तिनं. पण बोलावलं कुणाला? दारावरच्या रखवालदाराला. तो समोरच तर होता, नवऱ्याचा उगाच खाडा कशाला!

वर्ष सरतंय तोच नवऱ्याला खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसातली गाठ फार पसरलीय, आधी कळतं तर कापून काढता आली असती. ती रेघ तिच्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहिली. पॉलिशच्या वाफेनं रेघ तिथे उडतच नाही, बरीच बाजूला उडते. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! पण आपल्या माणसाकडे रोगी म्हणून बघायला डोळे धजतात कुठे?

आज सांगून मोकळं व्हायचं, असं ती रोज ठरवायची. शब्द ओठांवर यायचे आणि त्याला ढास लागायची.

एका दुपारी ती त्याची पाठ चोळत होती. तो थांबत थांबत बोलू लागला. "सगळे म्हणतात, लवकर दाखवायला हवं होतं. अगं, लवकर म्हणजे कधी? तू तर माझा श्वास तपासला होतास."

तिचा हात थबकला. "अहो, ऐका ना जरा..."

"म्हणजे तेव्हा काही नव्हतंच. असतं तर तुझ्या नजरेतून सुटलं असतं होय? मी हेच सांगतो सगळ्यांना. तू उगीच जिवाला लावून घेऊ नकोस."

कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा निवलेला दिसत होता. तिला हंबरडा फोडावासा वाटला.

"नाही," ती म्हणाली, "सुटलं नसतं." आणि पुन्हा त्याची पाठ चोळू लागली.