कालव्यातली कंपनीची होडी

माझ्या नवऱ्याने कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्या वर्षी हैदराबादेत विद्यानगरच्या आमच्या गल्लीत आधी केबल आली आणि मग होडी.

सव्वीस वर्षं ते सरकारी कारखान्यात यंत्रांच्या भागांचे नकाशे काढत होते. एक दिवस नकाशे संगणक काढणार असं ठरलं आणि हे घरी आले. घरी आल्यावर केबलवर काय काय दिसायचं. एका परदेशी वाहिनीवर एक म्हातारं जोडपं शिडाच्या होडीतच संसार करत होतं. बाई डेकवर टोमॅटो चिरत होती, बुवा दोर गुंडाळत होता.

"दोघंही आपल्यापेक्षा वयानं मोठी आहेत," हे म्हणाले. मी शाळेच्या वह्या तपासत होते, म्हणून नुसतं हं म्हटलं. पुढच्या सगळ्या गोष्टींना त्यांनी तो होकार धरला.

सहा महिने ते हुसेनसागर तलावावर शीड हाताळायला शिकले. मग परदेशी निघालेल्या एका गृहस्थांकडून जुनी होडी घेतली आणि लॉरीवर घालून घरी आणली. बावीस फूट लांब, आत दोन माणसं वाकून बसतील एवढी केबिन. विटांच्या दोन ओट्यांवर ती अंगणात बसवली, तेव्हा तिची डोलकाठी शेजाऱ्यांच्या अँटेनापेक्षा उंच गेली.

"आधी राहायची सवय झाली पाहिजे," ते म्हणाले. "दोन महिने इथंच राहू. अंगण म्हणजे पाणी समजायचं."

मी गणित शिकवते. समजायचं म्हटलं की समजते. आख्खा आषाढ-श्रावण आम्ही अंगणात होडीत राहिलो. घर दहा पावलांवर, पण माझं शाळेला जाणं आणि नैसर्गिक विधी सोडून पाण्यात पाय टाकायचा नाही. दूधवाला दोराला बांधलेल्या बादलीत पिशव्या ठेवायचा. सिलिंडरवाला खांद्यावर टाकी घेऊन फाटकात थबकला आणि म्हणाला, "अम्मा, सिलिंडर जहाज में होना कि घर में?" घरात फोन वाजत राहायचा. एकदा मी न राहवून धावले, तर मागून हे ओरडले, "अगं, पोहता येत नाही तुला!" फोन नांदेडच्या बहिणीचा होता.

"इतका वेळ कुठं होतीस?"

"होडीत."

"तिथं नदी कुठंय?"

"नाही ना. अंगणात आहोत."

मग तिने भावजींची तब्येत कशी आहे ते विचारलं.

खरं सांगते, मी चिडलेली होते, पण त्या केबिनमध्ये झोप फार छान लागायची. आणि निवृत्तीनंतर ह्यांच्या तोंडावर आलेला तो विझलेपणा गेला होता. म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीला जोडून बिनपगारी रजा टाकली. निघायचा मुहूर्त ह्यांनी दसऱ्यानंतरचा काढला. आम्ही हैदराबादची माणसं. आमचा पाऊस दसऱ्याला संपतो. पूर्व किनाऱ्यावर खरी वादळं त्याच सुमारास सुरू होतात, हे आम्हाला काकीनाड्याच्या धक्क्यावर लॉरीतून होडी उतरवून झाल्यावर एका कोळ्याने सांगितलं.

"आता आलात?" त्याने विचारलं. "बाकी सगळे ह्या महिन्यात नावा वर ओढतात."

ह्यांनी त्याला आपल्या तेलुगूत उत्तर दिलं. आमचं तेलुगू हैदराबादचं, निम्मं उर्दूत भिजलेलं. किनाऱ्यावरच्या लोकांना ते ऐकलं की सिनेमातला विनोदी नट आठवतो. तो कोळी इतका हसला की सल्ला द्यायचाच विसरला.

समुद्रात न जाता कालव्यांनी आणि खाड्यांनी दक्षिणेकडे जायचं असा बेत होता. इंग्रजांनी खणलेले कालवे, दोन्ही तीरांना नारळ आणि हिरवीगार भातशेती. पण कालव्यावर दर मैल-दीड मैलाला पूल, आणि प्रत्येक पुलाखाली डोलकाठी आडवी करायची. दोर सोडा, काठी निजवा, पलीकडे गेल्यावर पुन्हा उभी करा. तिसऱ्या दिवशी ती निजलेलीच राहिली. शिडाची होडी आम्ही बांबूने ढकलत चाललो. एवढ्या प्रवासात शीड फुगलेलं मी फक्त एकच दुपार पाहिलं, आणि तेव्हा वारा उलट दिशेचा असल्याने आम्ही आदल्या दिवशीच्या गावी परत गेलो.

गावातल्या लोकांना आम्ही कोण ते कळेना. त्या दिवसांत नव्या नव्या कंपन्यांच्या रंगीत गाड्या खेडोपाडी फिरायच्या, गाणी लावायच्या आणि शांपूच्या पुड्या फुकट वाटायच्या. आमची होडी पिवळीजर्द रंगवलेली, तिच्यात चष्मेवाला माणूस आणि छत्री घेतलेली बाई बसलेली. एका पुलावरून कुणीतरी ओरडलं, "कंपेनी पडव वच्चिंदी!" म्हणजे कंपनीची होडी आली. पाच मिनिटांत काठावर पन्नास बायका जमल्या.

"आम्ही कंपनीचे नाही," ह्यांनी ओरडून सांगितलं. "आम्ही सहलीला आलोय."

"मग पुड्या कधी मिळणार?" एकीने विचारलं.

मला त्या उन्हात उभ्या राहिलेल्या बायकांना नाही म्हणवेना. माझ्याजवळ शांपूची एक माळ होती, ती मी तोडून तोडून दिली. ती माझी मोठीच चूक. बातमी आमच्यापेक्षा वेगाने कालव्याने पुढे गेली. पुढच्या प्रत्येक पुलावर रांग. ताईला पुडी मिळाली, आम्हाला का नाही? एका ठिकाणी तर सरपंच हार घेऊन उभे होते. ह्यांनी हार घालून घेतला आणि भाषणाची विनंती झाल्यावर स्वच्छ पाण्याचं महत्त्व सांगितलं. टाळ्या पडल्या, कारण त्यांचं तेलुगू.

"मी ड्राफ्ट्समन आहे," रात्रीच्या जेवणाला ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "शांपूवाला नाही."

"त्यांना कुठं माहीत आहे?" मी म्हटलं. "पुढच्या गावात दुकान लागलं तर साबणाच्या वड्या घेऊ."

आणि आम्ही घेतल्या.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी काठावरून रिक्षा आली, तिच्यावर कर्णा. मोठं तुफान येतंय, संध्याकाळच्या आत सगळ्यांनी निवारा केंद्रात यावं. आकाश तर निरभ्र होतं. पण गावातली माणसं लगेच गाठोडी बांधू लागली, शेळ्या सोडू लागली. त्यांना बघून आम्हीही कपडे आणि शीड पिशव्यांत भरलं. होडी आम्ही दोन ताडांना चार दोरांनी बांधली आणि निघालो.

निवारा केंद्र म्हणजे उंच खांबांवरची काँक्रीटची गोल इमारत. दारात एक कारकून वही घेऊन बसला होता.

"घर कुठं?"

"हैदराबाद," हे म्हणाले.

"इथलं घर सांगा, सार. वादळानंतर पाहणी होते."

"इथं होडी आहे."

"तिच्यात राहता?"

"हो."

"स्वयंपाक तिच्यात करता? झोपता?"

"हो, पण..."

"मग घर आहे," असं म्हणून त्याने लिहून घेतलं.

वादळ दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. त्याचं वर्णन मला जमत नाही. चारशे माणसं एका खोलीत बसली होती आणि कुणी बोलत नव्हतं, एवढंच आठवतं. एक तान्हं बाळ रडत होतं, तेही थांबलं. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई होती. कालव्याकाठच्या झोपडीत एकटी राहायची, सुकी मासळी विकायची. तिने माझा हात घट्ट धरला होता आणि मी तिचा. हे समोर भिंतीला पाठ टेकून बसले होते. तास-दीड तासाने ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला मी कुठं आणलं गं." मी म्हातारीचा हात आणखी घट्ट धरला. बोलले असते तर ओरडले असते.

सकाळी उतरलो तेव्हा माणसं सगळी होती. छप्पर मात्र एकही उरलं नव्हतं. ताड अर्ध्यातून मोडलेले. आमची होडी चिखलात कुशीवर पडली होती, तळाला माणूस जाईल एवढं भोक, डोलकाठीचे दोन तुकडे. केबिनमध्ये एक बदक बसलं होतं.

हे तिच्याभोवती एक फेरी मारून आले. मला वाटलं आता हे खचणार. पण त्यांनी पिशवीतून शीड काढलं. ते आम्ही क्वचितच वापरलं होतं, कोरं करकरीत होतं. त्या म्हातारीच्या झोपडीच्या चार भिंतींवर त्यांनी ते पसरलं, मोजमाप घेतलं, जमिनीवर काडीने नकाशा काढला आणि दोघा-तिघांना हाताशी घेऊन बांबूंवर ताणून बसवलं. गाठी हुसेनसागरवर शिकलेल्या. दोन दिवसांत त्यांनी आमच्या दोरांनी आणि लोकांनी आणलेल्या प्लास्टिकने आणखी अकरा घरं झाकली. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना इतक्या आनंदात पाहिलं नव्हतं, आणि भोवती इतकं दुःख असताना आनंदात दिसतोय म्हणून ते शरमलेही होते.

मग तो कारकून पाहणीला आला.

"कच्चं की पक्कं?" होडीपुढे उभं राहून त्याने विचारलं.

"अहो, लाकडाची आहे. सोडून द्या, आम्हाला मदत नको."

"वहीत नाव आहे, सार. तुम्ही घेतलं नाही तर माझा हिशेब जुळत नाही. भिंती लाकडी... छप्पर?"

"ते आजींच्या घरावर आहे."

"म्हणजे पूर्ण गेलं," तो म्हणाला आणि आम्हाला तांदळाचं एक पोतं मंजूर झालं. रांगेत उभं राहून, अंगठ्याऐवजी सही करून, ते आम्ही घेतलं आणि म्हातारीच्या दारात नेऊन ठेवलं.

होडी तिथंच सोडून आम्ही निघालो, तेव्हा म्हातारीने केळीच्या पानात बांधलेलं, सुतळीने आवळलेलं पुडकं माझ्या हातात दिलं. सुकी मासळी. वादळात एवढीच वाचली होती. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणी कांदासुद्धा चातुर्मासात खात नाही. पण तिला नको कसं म्हणणार? आणि टाकणार तरी कुठं?

सिकंदराबादपर्यंत आख्ख्या डब्याने आमच्याकडे बघून नाकाला रुमाल लावला. एका गृहस्थाने विचारलं, "धंदा आहे का?" हे म्हणाले, "नाही, आहेर आहे."

घरी पुडकं चार दिवस गच्चीवर होतं. आजूबाजूची मांजरं सगळी आमच्याकडे राहायला आली. पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर हे गच्चीवर स्टोव्ह पेटवून, एका टाकाऊ तव्यावर ती तळत होते. नाकातोंडाला पंचा गुंडाळलेला.

"काय करताय?"

"तिनं विचारलं तर काय सांगायचं? पत्र टाकणार आहे मी."

आम्ही दोघं मांडी घालून बसलो. मी एक तुकडा तोंडात टाकला. भयंकर खारट होता, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी दोन खाल्ले, वर तांब्याभर पाणी प्यायले, आणि रुचकर आहे असं पत्रात लिहायचं ठरलं.