ज्यांना ताप येत नसे

नागपुरात गर्विष्ठ माणसांचा तोटा कधीच नव्हता. पण कुणाला पैशाचा गर्व, कुणाला संत्र्यांच्या बगिच्याचा. आमच्या थोरल्या नणंदेच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, गर्व होता तो ताप न येण्याचा! असला फुकटचा गर्व मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही बाई. सत्तरी उलटलेली, दात गेलेले, गुडघे कुरकुरणारे, आणि शर्टाच्या खिशात पेन लावावं तसा थर्मामीटर. सकाळी आमच्या महाल भागातल्या घरी चहाला यायचे, आणि बैठकीत जो कुणी पाहुणा सापडेल त्याच्यासमोर तो तोंडात धरायचे. तेवढा वेळ गप्प बसायचे, हाच काय तो त्या नळीचा उपयोग. मग ती पाहुण्याच्या नाकापुढे नाचवत म्हणायचे, "पाहा! पारा हालला काय? अंदरून जवान आहो मी!" घरात फ्लू शिरला, लेकरं आडवी झाली, की हे उशाशी हजर. "काय वं वहिनी, तुमचं खानदानच नाजूक!" आता खानदान त्यांच्याच बायकोचं, पण सांगणार कोण? माझ्या चहाला तर त्यांनी उभ्या जन्मात बरं म्हटलं नाही. "हा चहा आहे का बैलाले पाजाचं पानी?"

आणि थंडीतल्या एका सकाळी घोट घेऊन ते म्हणाले, "फार छान झाला चहा. तुमाले उगाच तरास दिला."

माझ्या हातातली गाळणी खाली पडली. मागे नणंद उभी होती. "कालपासून असंच करून राहिले," ती म्हणाली, "मले विचारलं, बाई, तुमचं गाव कोणतं?" मी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नावाला नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली. न्यूमोनिया! "पण ताप कुठे आहे?" मी म्हटलं.

"तोच तर घोळ," डॉक्टर म्हणाले. "ताप म्हणजे शरीराची आरडाओरड. म्हातारपणी आतले पहारेकरी पेंगतात, चोर आला तरी ओरडत नाहीत. आणि दचकून उठले की काठी चालवतात ती घरच्यांवरच. मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या त्यात सुजतात, माणसाची ओळख हरवते."

म्हणजे हे ज्या जवानीचा डंका पिटत होते, ते म्हातारपणच होतं! मला हसायचं होतं हो, मनापासून हसायचं होतं. पण नणंद विचारत होती, "मले वळखतील ना परत?" आणि डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले.

इंजेक्शनं झाली, छाती मोकळी झाली. एका दुपारी नणंदेनं भरवलेला खिचडीचा घास थुंकून ते खेकसले, "मीठ टाकाले इसरली काय वं, सुमे?" ती रडत रडत मीठ आणायला धावली.

पुढे काही वर्षं जगले. पण बोलण्याला पहिली धार नव्हती. मधूनच एखादा गोड शब्द निसटायचा. तो निसटला की नणंद हातातलं काम टाकून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहायची. "माह्यं नाव सांगा बरं?" ते खवळून ओरडायचे, तिचा जीव भांड्यात पडायचा. शेवटी शेवटी मात्र ते तिच्याकडे बघून नुसतंच, फार छान हसायचे.