बाथरूममधले डॉल्फिन

नवऱ्याला हे ठाऊक नाही. वहिनीला नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर मी तोंड उघडलं नसतं. तेवढी मी स्वतःला ओळखते.

एक आधीच स्पष्ट करते. त्या टाईल्स भिकारच होत्या. निळ्या, चकचकीत, आणि मधोमध पाण्यातून उड्या मारणारे दोन डॉल्फिन. आयुष्यात कधी डॉल्फिन न पाहिलेल्या माणसांना अंघोळ करताना भिंतीवर डॉल्फिन का लागतात — मला कधी कळलं नाही. मला साध्या राखाडी हव्या होत्या. आजही त्याच आवडतात. तेव्हा पुढे जाऊन मला डॉल्फिन आवडायला लागले वगैरे काही होणार नाही.

टाईल्स आप्पाने निवडल्या. आप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ. आईवडील अमळनेरकडून सुरतला लूमवर कामाला आले, आम्ही दोघं नवागामच्या एका खोलीत वाढलो. मी शिकले, बँकेत लागले, हजीऱ्याच्या एका कारखान्यातल्या इंजिनियरशी लग्न केलं, तापीच्या पलीकडे फ्लॅट घेतला. आप्पा कडिया झाला. इथे गवंड्याला कडियाच म्हणतात. टाईल्स बसवायचा — आणि बढाया मारायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसलंय याची पर्वा न करता सुरू व्हायचा, "मना हातनं काम शे! एक थेंब खाले जावाव नही!" मग मोबाइल काढून फोटो दाखवायचा. लोक मुलाबाळांचे दाखवतात, हा बाथरूमचे. समोरच्याच्या हातात जिलेबी, आणि हा त्याला कुणाच्या तरी संडासाचा कोपरा दाखवतोय. मी दुसऱ्या पंगतीत जाऊन बसायचे.

फ्लॅटचा ताबा मिळाला तसा तो हत्यारांची पिशवी घेऊन हजर. बहिणीच्या घराला दुसऱ्याचा हात लागू देणार नाही म्हणे. टाईल्सच्या दुकानात सेल्समनसमोर मी त्याच्याशी हिंदीत बोलत होते — स्वतःच्या भावाशी, हिंदीत — आणि तो खणखणीत अहिराणीत उत्तरं देत होता. डॉल्फिनवर तळहात ठेवून ओरडला, "हाई दख, बाई!" आणि मी काय म्हटलं? "तुला आवडेल ते घे." नको, हा एक शब्द होता. मी तो उच्चारला असता तर त्याने तिथल्या तिथे राखाडी घेतल्या असत्या, मला माहीत आहे. पण मला चांगली बहीण दिसायचं होतं. नाही म्हणायला हिंमत लागते. मी पुढे जे केलं त्याला मुळीच लागत नाही.

वास्तूच्या दिवशी बँकेतल्या मैत्रिणी आल्या. हिनाबेन बाथरूममधून तोंडाला रुमाल लावून हसत बाहेर आली. "आ कोणे पसंद कर्यु?"

"बिल्डरने," मी म्हटलं.

आप्पा सगळ्यांना सरबत देत होता. त्याला वाटलं, मी गंमत करतेय. मोठ्याने हसला आणि हिनाबेनला म्हणाला, "बिल्डर नथी, बेन. में नाखी छे. हुं आनो मोटो भाई!" टाईल्स मी बसवल्यात, मी हिचा मोठा भाऊ — अभिमानाने.

हिनाबेनने त्याच्याकडे पाहिलं. सिमेंटने फाटलेल्या बोटांकडे. मग माझ्याकडे. आणि तिने विषय बदलला. हिनाबेन काय लायकीची बाई आहे? तिच्या स्वतःच्या घरात बैठकीच्या फरशीवर सोनेरी मोर आहेत. अशा बाईसमोर खजील झाले मी. अशा बाईसाठी.

त्याच दिवशी ठरवलं, की हे तोडायचं.

आप्पा सासुरवाडीच्या लग्नाला गावी गेला, तेव्हा मी दुसरा कडिया बोलावला. नवऱ्याला सांगितलं, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आलीय, बाथरूम गळतंय. तो दिवसभर प्लांटवर. मान डोलावली, झालं. तोडणारा माणूस वैतागला. टाईल सुटेनाच, नखाएवढे तुकडे पडत होते. "किसने बिठाया है, मॅडम?" दुपारी आत जाऊन पाहिलं. टाईल्सखाली कोरडं ठणठणीत. मी हात लावून पाहिला — का पाहिला असेल? थोडी तरी ओल सापडेल म्हणून? नव्हती.

आप्पा परतल्यावर त्यालाही तेच सांगितलं. खाली गळत होतं, खालच्यांनी भांडण केलं, तुझी वाट बघायला वेळ नव्हता.

माझी भांडणाची तयारी होती. तो ओरडेल, शक्यच नाही म्हणेल, मग मीही ओरडेन. तो ओरडला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "कथाईन गळे?" कुठून गळत होतं — एवढंच.

"कोपऱ्यातल्या जाळीपासून." हे मी ठरवून ठेवलं होतं.

त्याने हवेतच बोटाने जाळीभोवतीचा कोपरा आखला. त्या कोपऱ्यात काय केलं होतं, ते आठवत असणार. मग म्हणाला, खाली जाऊन त्या लोकांची माफी मागून येतो. मी त्याचा हात धरला. "मी मागितलीय. तू गेलास तर पुन्हा वाद उकरतील." मऊ आवाजात म्हटलं. तो मऊ आवाज मला अजून ऐकू येतो आणि शिसारी येते.

त्याने ते लपवलं नाही. मी लपवलं असतं. तो नवागामला स्वतःच सांगत सुटला — माझ्या हातून बहिणीचं बाथरूम गळलं. बढाया मारायचा तसाच, ज्याला त्याला. ज्या माणसाने स्वतः सांगितलं, त्याला मग काम कोण देणार? आधी बाथरूमं सुटली. काही दिवस दुकानांच्या फरश्या केल्या. मग पांडेसऱ्याला एका डाइंग मिलमध्ये लागला, कापड रंगवायच्या वाफेत. वहिनी फोनवर म्हणाली, "मोबाइलमधले सगळे फोटो पण पुसले हो त्यांनी."

ते ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. चला, आता लग्नाकार्यात कुणाला दाखवणार नाही. खरंच हेच वाटलं. वाईट नंतर वाटलं, आणि तेही बेताचंच.

गेल्या वर्षी त्याने दिंडोलीला दोन खोल्या बांधल्या. वास्तूला आम्ही गेलो. घर बघता बघता नवऱ्याने बाथरूमचं दार उघडलं आणि सहज विचारलं, "आप्पा, हे तुम्हीच बसवलं ना?"

"नही हो. दुसरा कडिया लावला." तो हसला. "आपलं घर शे. धोका कशाले?"

मी आत पाहिलं. सांधे वाकडे, एक टाईल वर आलेली, सिमेंट नीट पुसलेलंही नव्हतं. माझ्यासारखीलाही दिसत होतं. त्याला दिसत नसेल?

"कसं शे काम?" त्याने मला विचारलं. नवऱ्याला नाही, वहिनीला नाही — मला. मी बँकेतली, मला समजतं म्हणून.

घरात पाहुणे होते, पण त्या बोळात आम्ही चौघंच. सांगायला एवढी सोय पुन्हा कुठे मिळणार होती?

"छान आहे," मी म्हटलं. "सफाईदार."

त्याने मान डोलावली. मग जेवायला बसलो. वरण-बट्टी होती. तो स्वतः वाढत होता. माझ्या ताटात त्याने बट्टी कुस्करली, वर तूप सोडलं, "खाय, बाई," म्हणाला. मी खाल्लं. पुन्हा मागून घेतलं.