गणित बारावीतही घेता येते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्याचं नाव मी त्यात वापरलं त्या माझ्या दादालाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. सांगते.

मी इंजिनिअर आहे. भद्रावतीच्या कॉलनीत वाढले, नोकरी चांगली आहे. माझ्या गणिताचं कौतुक करणारी माणसं अजून भेटतात — पण त्यांना सुषमा माहीत नाही.

सुषमा पोंभुर्ण्याकडच्या खेड्यातली. शाळेसाठी भद्रावतीला मामाकडे राहायची, वर्गात माझ्याच बाकावर बसायची. गणित सुटलं की गालातल्या गालात हसायची, आणि ते दरवेळी माझ्याआधी सुटायचं. ती घरी आली की बाबा तिला आग्रहानं पोहे खायला लावायचे, वर मला म्हणायचे, "पाह्य, पोरगी कसं डोकं चालवते!" मी जळायची. दुसरा बरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

दहावीनंतर अकरावी सायन्सचे विषय ठरवायचे होते. तिलाही माझ्यासारखंच इंजिनिअर व्हायचं होतं. पण मामाचा हट्ट — पोरीनं जीवशास्त्रच घ्यावं. एका दुपारी ती आली, गावाहून आणलेली टेंभरं, तेंदूची गोड फळं, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "जीवशास्त्रासंगं गणितही घेऊ का वं? झेपन का मले? तुह्या दादाले विचारून सांग ना."

दादा तेव्हा नागपुरात इंजिनिअरिंग करत होता. तिच्या ओळखीत या वाटेनं गेलेला तेवढा एकच माणूस.

पुढच्या भेटीत मी तिला सांगितलं, "दादा म्हणते, दोन्ही झेपत नाई. आता जीवशास्त्र घे. गणित बारावीतही घेता येते."

घेता येत नाही. अकरावीत सोडलेलं गणित बारावीत मिळत नाही, आणि गणित नसेल तर इंजिनिअरिंग नाही. मला हे पक्कं ठाऊक होतं. आणि दादा काय म्हणाला होता? काहीच नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं. टेंभरं मात्र सगळी खाल्ली होती.

तिचं वाईट करायचं नव्हतं — असं लिहायला घेतलं होतं. पण करायचंच होतं. गणिताच्या तासाला ती शेजारी नको होती मला.

बारावीच्या सुरुवातीला ती गणित मागायला गेली, तर कॉलेजात नाही म्हणाले. ती तडक माझ्याकडे आली. आता भांडते की काय, म्हणून मी दार अडवूनच उभी राहिले. तर ही म्हणते कशी, "दादालेच कोणं चुकीचं सांगतलं असन. त्याले काई बोलू नको वं, त्याले वाईट वाटन."

आणि मी? मी मान डोलावली.

आता ती चामोर्शीला शाळेत विज्ञान शिकवते. यंदा तिची मुलगी दहावी झाली, तेव्हा तिचा फोन आला.

"हिले विषय कोणते घेऊ देऊ? तू इंजिनिअर हायेस, तुलेच विचारावं म्हटलं." मग हसायला लागली. "फक्त या टाइमले दादाले नको विचारू हं!"

"गणित सोडू देऊ नको," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. ती अजून हसत होती. मीही हसले.